आमचे साडू बघत उभे असतात

साउथहॅम्प्टनमध्ये काहीही घडलं आणि तिथे आमचे साडू हात मागे बांधून उभे नसले, तर ते घडलंच नाही असं खुशाल समजावं. पुरावा म्हणून मी स्वतः हजर आहे. परवा सकाळी कचऱ्याची गाडी चुकली म्हणून मी पायजम्यावर, एका पायात सपात आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशा थाटात, चाकांचा डबा ढकलत गाडीमागे धावत सुटलो. कोपऱ्यावर धाप लागून थांबलो, तर समोर साडू. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज निळ्या डब्याचा दिवस. तुम्ही हिरवा आणलात."

"अहो, मग मी दारातून निघालो तेव्हाच ओरडायचं ना!"

"पळत छान होतात," ते म्हणाले.

बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बंदरावरच्या नोकरीतून रिटायर झालेले, म्हणून आपण काही बोलायचं नाही. पण हा मनुष्य बघतो म्हणजे नुसतं बघतो. कौन्सिलने रस्ता खणला की हे खड्ड्याच्या काठाशी उभे. क्रूझचं जहाज सुटलं की धक्क्यावर उभे, ओळखीचं कुणी त्यात नसताना. मदत करत नाहीत, सल्ला देत नाहीत, फोटोही काढत नाहीत. मागे गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये सगळी मंडळी जमली, आरती झाली, आणि मोदक यांच्या गाडीत. हे आले ते मंत्रपुष्पांजलीही उरकल्यावर. रेल्वेच्या पुलाखाली एक ट्रक अडकला होता म्हणे. ड्रायव्हरने चाकांतली हवा सोडून तो बाहेर काढेपर्यंत यांचा पाय निघेना. मेव्हणीने डोळे वटारले, तर म्हणाले, "बाप्पाला सांग, ट्रक आत्ता हलला." मी एकदा चिडून विचारलं, "यातून तुम्हाला मिळतं काय हो?" तर म्हणे, "करणारे पुष्कळ आहेत. बघणारं कुणी नको?"

त्यात त्यांना तो शब्द मिळाला आणि आमची उरलीसुरली शांतताही गेली. शेजारी एक चिनी बाई राहतात, विद्यापीठात शिकवतात. समोरच्या घरात खिडकीतून सोफा चढवत होते, तो बघताना या दोघांची गाठ पडली. बाई हसून म्हणाल्या, आमच्याकडे याला क्रियापद आहे, वेइग्वान. वेइ म्हणजे वेढा घालणं, ग्वान म्हणजे बघणं. मूळचा अर्थ जरा टोमण्याचाच, अपघाताभोवती जमून बोटही न हलवणाऱ्या बघ्यांचा. हल्ली मात्र तिकडची तरुण मुलं फोनवर कुणाचा तमाशा चालू असला की म्हणतात, आम्ही बाजू घेत नाही, नुसतं वेइग्वान करतोय. आणि कधीकधी त्याला वजनही येतं, कारण खूप डोळे एका जागी लागले की दांडगट माणूससुद्धा जपून वागतो. साडूंनी यातला टोमणा सोडून बाकी सगळं घेतलं. प्रत्येक जेवणात हे व्याख्यान. फक्त शेवटचं वाक्य दर वेळी हळू आवाजात येई. "पण ते एकट्याने होत नाही. कोंडाळं लागतं. इथे कुणी थांबतच नाही हो."

गेल्या दिवाळीत लायब्ररीने माझ्या बायकोला रांगोळी काढायला बोलावलं. ती पुण्यात शाळेत चित्रकलेची बाई होती. इथे औषधांच्या दुकानात पिशव्यांवर नावं चिकटवते. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या होत्या, लोक थांबले तर दर शनिवारी तुमचा वर्ग ठेवू. तिने आठवडाभर स्वयंपाकघराच्या फरशीवर सराव केला, आम्ही पाय उचलून चहा प्यायलो. आणि त्या दिवशी दारातल्या मोकळ्या जागेत ती वाकून बसली, तर लोक 'सॉरी, सॉरी' म्हणत लांबून वळसा घालून जायला लागले. कुणी घसरू नये म्हणून लायब्ररीने शेजारी पिवळी पाटी ठेवलेली, त्यामुळे बहुतेकांना वाटलं काहीतरी सांडलंय. तासभर झाला. तिने रंगांच्या डब्यांना झाकणं लावायला सुरुवात केली. मी पत्रकं हातात धरून घामाघूम.

तेवढ्यात साडू आले. मी मनात म्हटलं, यांचीच कमी होती! "जरा लोकांना बोलवा की," मी कुजबुजलो. "बोलावून कुणी बघत नाही," म्हणत त्यांनी पायाने पिवळी पाटी बाजूला सारली, बरोबर वाटेच्या मधोमध उभे राहिले, हात मागे बांधले आणि मान वाकवली. बस. एवढंच केलं. बाबागाडीवाल्या बाईला पुढे जाता येईना, ती थांबली आणि खाली बघू लागली. मग एक पोस्टमन. मग तीन विद्यार्थी. बायकोने झाकण परत उघडलं. लोक इंग्रजच, त्यामुळे आधी रांग झाली. एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही रांगेत आहात का?" मी हो म्हणालो. मग रांग वाकली, वाकता वाकता गोल झाली, आणि मी बाहेर राहिलो. आत साडू उभे होते, दोन्ही खांद्यांना अनोळखी खांदे टेकलेले. त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

लायब्ररी बंद होताना व्हॅक्यूमने रांगोळी ओढून घेतली. साडूंनी तेही शेवटपर्यंत बघितलं.

शनिवारचा वर्ग ठरला. परतताना गाडीत मी सुटलोच होतो. पोस्टमन कसा गुडघ्यावर बसला, रांग कशी वाकली, साडूंनी पाटी कशी सरकवली. बायको बोटांचा रंग पुसत ऐकत होती. सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "गर्दीचं सगळं सांगितलंस. आता मी काय काढलं होतं, ते सांग. भाऊजींना फोन करून विचारायचं नाही."