हनीफचाचांच्या आठ मात्रा

चाचीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. "तुझे चाचा गेले गो," ती म्हणाली. दुपारच्या नमाजानंतर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्याला आता महिना झाला.

हनीफचाचा बरीच वर्षं आखातात होते. एका मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायचे. मॉल उघडण्याआधी तिथं मुली फिगर स्केटिंगचा सराव करत. ते बघत बघत चाचा शिकले. परत आल्यावर बिरवाडीतल्या सिमेंटच्या मैदानावर आम्हा कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलींना चाकांच्या स्केट्सवर तेच शिकवू लागले. स्केट्सवरच्या माझ्या नाचात त्यांनी मधोमध एक जागा ठेवली होती. एका पायावर, हात पसरून, आठ मात्रा नुसतं वाहत जायचं. "इथं काय करू नको. गाणं ऐक," म्हणायचे.

मी दहावीत असताना स्केटिंगच्या स्पर्धांतले गुणांचे नियम बदलले. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळे गुण; नुसत्या वाहण्याला जवळपास काहीच नाही. चाचांनी ते कागद पेन्सिल घेऊन दोन दिवस वाचले आणि स्वतःच त्या आठ मात्रा काढून तिथं उडी घातली. जिल्ह्यात मी पहिली आले. परतीच्या एसटीत चाचांनी सगळ्यांना पेढे वाटले, मग माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "नंबर आला. पण आज तू गाणं ऐकलं नाय गो."

मला रडूच फुटलं. उडी तुम्हीच घालायला लावलीत, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी मान खाली घातली.

"हो. चूक माझीच हाय. पुढच्या वेळी तू ठरव."

राज्य स्पर्धेत मी उडी काढून टाकली आणि त्या आठ मात्रा पुन्हा घातल्या. माझा नंबर अकरावा आला. पहिल्या आठ जणींना पुढच्या शिबिराला बोलावलं, आणि माझं स्केटिंग तिथंच संपलं. उडी ठेवली असती तर बहुधा गेले असते. त्याचं वाईट अजूनही कधीकधी वाटतं. पण त्या आठ मात्रांत वाहत जाताना मला कठड्याशी उभे असलेले चाचा दिसले होते. डोळे मिटून ऐकत होते.

परवा चाचीला भेटायला गेले. वर्ग बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तरी चाचा रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन खडे झाडून येत, असं ती सांगत होती. "चाकाखाली खडा आला तर पोर पडंल, म्हणायचे."

खराटा दाराआडच होता. मी तो उचलला. चाचीनं पायात चप्पल सरकवली आणि तीही माझ्याबरोबर मैदानाकडे निघाली.