मधुकरने निवडलेला माउंट

मधुकर आणि मी जव्हारच्या एसटी वर्कशॉपात बरोबर होतो. तो फिटर, मी टायरवाला. त्याने आवळलेला नट दुसऱ्याला सुटत नसे. लोक शिव्या द्यायचे, पण अवघड गाडी आली की त्यालाच हाक मारायचे. हातचं काम अर्धं टाकून तो कधी जेवायला गेला नाही.

२००३ साली आमच्या नेमबाजी मंडळात छऱ्यांचं एकच पिस्तूल होतं, सगळ्यांच्या वर्गणीचं. व्यायामशाळेच्या मागे मातीचा बांध घालून आम्ही सराव करायचो. सगळ्यांत चांगला नेम निशाचा. पोरगी जामसरची, जव्हारला डीएड करत होती. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून साध्या डोळ्याने मारायची. मधुकरला पन्नाशीनंतर माशी पुसट दिसू लागली होती. मोखाड्याला सव्वीस जानेवारीची स्पर्धा होती, तिथे दुर्बीण चालत असे. त्याने पिस्तुलाची दुर्बीण घेतली. ती पिस्तुलावर बसवायला माउंट, म्हणजे धातूची पकड, हवा होता.

दुकानदाराने दोन दाखवले. एक उंच, खालून आरपार भोक असलेला. दुर्बीण वर राहते आणि भोकातून माशीही दिसते. दुसरा बुटका. तो पक्का बसतो, पण दुर्बीण माशीच्या आडवी येते.

"उंच घे," मी म्हटलं. "पोरीलाही चालेल."

"उंच डुगडुगतो, माघ्या. मला तिथे फुगे नाही फोडायचे."

"आणि निशा?"

"तिची जिल्हा संघाची निवडचाचणी नंतर आहे. तोवर काढून देतो की."

बुटका माउंट घेतला. त्या पिस्तुलाचा झटका उलटसुलट बसायचा, त्याने माउंट मागे सरके. मधुकरने स्क्रू आवळले. तरी सरकला, म्हणून खाली दोन नळ्यांचा गोंद भरला आणि परत आवळले. मी म्हटलं, "लॉरीचं चाक बसवतोयस का?" तो हसला. मोखाड्याला त्याचा दुसरा नंबर आला.

निशाची चाचणी पुढच्या रविवारी ठाण्याला होती. तिथे दुर्बिणीला परवानगी नव्हती. शनिवारी दुपारी मधुकर माउंट काढायला बसला. एक स्क्रू सुटला. दुसऱ्याचं तोंड गोल झालं, चावी नुसती फिरायला लागली. मी करवत आणून पुढे ठेवली. नवा माउंट कापायला त्याचा जीव होईना.

निशा बाकावर बसून बघत होती. "काका, निघेल ना?"

"निघेल. उद्या तिथे थंड डोक्याने काढतो."

मधुकर 'निघेल' म्हणाला की निघायचंच. म्हणून मी करवत परत ठेवून दिली.

ठाण्यातही माउंट निघाला नाही. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने पिस्तूल बाजूला सरकवलं. "हे चालणार नाही. नियम वाचले नाहीत का? कोणी बसवलं हे?"

मधुकर तिच्या मागेच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आमच्या मंडळाचं आहे, सर," निशा म्हणाली. "आमच्याकडून चूक झाली."

पालघरच्या एका मुलीने तिला आपलं पिस्तूल दिलं. त्याची मूठ जाड, घोडा हलका. निशाचे पहिले छरे काळ्या वर्तुळाच्या बाहेर पडले. मग हात बसला, पण तोवर उशीर झाला होता. तिचं नाव यादीत आलं नाही.

परतताना गाडीत मधुकर एकटाच पुढच्या बाकावर बसला. कसाऱ्याला चहा प्यायलाही उतरला नाही.

जव्हारच्या स्टँडवर तिचे वडील देवजी उभे होते. हातात पोरीसाठी भाकरीचं फडकं.

"काय झाला ग?"

"नाय जमलं, बाबा. माझाच हात हलला."

मधुकर खाली उतरला होता. तो घरी निघून जाईल असं मला वाटलं. तो देवजीसमोर येऊन उभा राहिला.

"तिचा हात नाही हलला. पिस्तूल मी अडवून ठेवलं. माझी दुर्बीण निघाली नाही, आणि काल माउंट कापायला हवा होता, तो मी कापला नाही."

देवजी रागावला नाही.

"मंग तिथं साहेबाला का नाय सांगलं? पोरीला का बोलू दिलं?"

 मीही तिथेच होतो, मीही साहेबाला काही सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मधुकरने माउंट करवतीने कापला आणि तो बसला होता ती जागा कानशीने साफ केली. काम नेहमीसारखंच चोख होतं. त्याने पिस्तूल पुढे केलं तेव्हा निशा म्हणाली, "राहू द्या काका, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी ती मोखाड्याकडच्या शाळेत शिक्षिका झाली, तिला रजा मिळाली नाही.

मधुकर मंडळात येत राहिला. पिस्तूल मात्र त्याने हातात घेतलं नाही. मी आग्रह केला, तर म्हणाला, "आधी निशा मारू दे, मग बघू."