साठ पोचवायला शंभर

माझी सून अंडी उबवायची पेटी घेऊन आली तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या, आणि खरं सांगते, त्यांच्यात मीही होते. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसते. तिला ना वायर लागते ना बटण. पण सुनेनं मनावर घेतलं होतं. तिनं पाच घरांतून साठ अंडी मागून आणली आणि प्रत्येकीला पिल्लं परत देण्याचा शब्द दिला. आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजूचं, लहान. इथं असा शब्द चुकला तर बाईला पाच वर्षं ऐकावं लागतं.

पेटी चालते बारा व्होल्टवर, घरातली वीज दोनशे तीसची. मधे एक डबा लागतो, मोठी वीज घेऊन लहान करून देणारा. त्याला सप्लाय म्हणतात. चिखलीच्या दुकानदारानं दोन काढून ठेवले. सुनेचा हात हलक्याकडे चालला होता. मी दोन्ही हातांवर तोलून पाहिले. पाणी भरायचा तांब्याचा गुंड असो की टरबूज, मी जन्मभर वजनावरच घेत आले. म्हटलं, हा जड, ह्याच्यात माल आहे, हाच दे. सुनेनं पैसे मोजून दिले. मला वाटलं, पटलं तिला.

घरी तो सप्लाय तव्यासारखा तापायचा. मी येईल त्याला कौतुकानं सांगायची, पाहा किती जोर लावतो.

एका दुपारी सुनेनं घरातलं सगळं बंद केलं. पंखा, फ्रीज, आमच्या ह्यांचा टीव्हीसुद्धा. फक्त पेटी चालू ठेवली आणि मोबाईल हातात धरून मीटरपुढं जाऊन बसली. मीटरवर तो लाल ठिपका लुकलुकतो ना, तो मोजत. हे बाजेवरून म्हणाले, "मीटरची पूजा मांडली का व सूनबाई?" तिनं बोट वर केलं, थांबा म्हणून. तीन मिनिटांत सोळा वेळा ठिपका लागला.

मीटरवर लिहिलेलंच असतं, बत्तीसशे ठिपके म्हणजे एक युनिट. ते मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं. तीन मिनिटांत सोळा, तर तासाला तीनशे वीस. म्हणजे युनिटचा दहावा भाग, शंभर वॅट. माझी शाळा सातवीपर्यंत, पण पाढे पक्के आहेत, त्यामुळं इथवर मी तिच्या बरोबरीनं चालले. मग तिनं पेटीमागची पट्टी दाखवली. बारा व्होल्ट, पाच अँपिअर. दोन्हीचा गुणाकार साठ.

"शंभर आत जाते, साठ बाहेर येते," ती म्हणाली. "मंग आई, चाळीस कुठं गेले?"

"मले काय माहीत."

"हात ठेवा त्याच्यावर."

ठेवला आणि लगेच उचलला. मी ज्याला जोर म्हणत होते, ती वाया जाणारी वीज होती. शंभर घेऊन साठ पोचवणारा गडी मीच निवडून आणला होता. सुनेनं मात्र तसं तोंडातून काढलं नाही. पोरगी बारावी, तीही कला शाखेची. बाकीचं सगळं मोबाईलवर पाहून शिकलेली. मी तिच्याकडे नव्यानं पाहायला लागले ते त्या दिवसापासून.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहाला गावाला वीज देणारी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. पौषातली थंडी. वायरमन म्हणाला, दुसरी डीपी उद्या दुपारून येईल. घरात इन्व्हर्टर होता, पण तो पुरेल का? सून एका लग्नपत्रिकेच्या मागं आकडे मांडायला बसली. बॅटरी दीडशे अँपिअर-तासांची, त्याला तिच्या व्होल्टनं, बारानं गुणलं तर अठराशे. पण निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरी मरते. उरले नऊशे. पेटीला साठ पाहिजेत, त्यासाठी माझा जड सप्लाय शंभर मागणार, आणि ते शंभर द्यायला इन्व्हर्टर बॅटरीतून सव्वाशे ओढणार. ऊब पुरली की पेटी आपोआप थांबते, म्हणजे निम्मा वेळ बंदच असते, हे तिनं घड्याळ लावून पाहिलं होतं. तरी चौदा तासच निघाले. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तुमच्या कोंबडीचं तेल सरलं का व?"

मी म्हटलं, अंडी गोधडीत गुंडाळू. सून बॅटरीकडेच पाहत होती.

"आई, बॅटरी किती व्होल्टची?"

"बाराची. तूच तं सांगतं."

"अन् पेटी?"

"बाराची."

"मंग बाराचे दोनशे तीस करून परत बारा काऊन करून राह्यलो आपण?"

सप्लाय नको, इन्व्हर्टर नको. पेटी सरळ बॅटरीला जोडायची. साठच्या साठ पोचणार आणि तास दुपटीहून जास्त, तीस. हे खेकसले, बॅटरीले हात लावू नको, घर जाळशीन. ती थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"करू द्या तिले," मी म्हटलं. "मी उभी आहे इथं."

तिनं इन्व्हर्टर बंद केला, वायरीत फ्यूज घातला, लाल टोक लालला लावलं, काळं काळ्याला. पेटीचा दिवा लागला. त्या दिवशी आम्ही टॉर्चच्या उजेडात जेवलो. टीव्ही नाही म्हणून हे लवकर झोपले.

दुसऱ्या दिवशी अडीचला लाईन आली. सून अंड्यांकडे गेली नाही. आधी तिनं बॅटरीला व्होल्ट मोजायचं लहान मीटर लावलं. निम्म्याहून थोडी जास्त उरली होती. तिनं आकडा पत्रिकेवर लिहून ठेवला.

एकविसाव्या दिवशी पाचही घरच्या बायका येऊन बसल्या. पेटीतून पहिली चिवचिव आली तेव्हा सुनेनं माझा हात धरला. तिची बोटं थंडगार होती. तीन दिवस ती इतक्या शांतपणे गुणाकार करत होती की, तिलाही भीती वाटत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिची बोटं दोन्ही हातांत घेऊन चोळली. तोवर आतलं दुसरं अंडंही तडकलं होतं.