वाटीभर पाणी

नासर सरोवराची पातळी बुशाराकाका पट्टीवर वाचायचे आणि मी ती वहीत लिहायचो, शिवाय कुणाला किती पाणी सोडलं तेही. मग ते घरून आणलेलं वाटीभर पाणी सरोवरात ओतायचे. आम्हा नुबियन लोकांत मेलेल्या माणसाला प्यायला म्हणून कबरीवर पाण्याची वाटी भरून ठेवतात, आणि काकांच्या आईची कबर धरणात बुडालेल्या गावातच राहिली होती.

"काका, म्हातारी पाण्यातच आहे की. आणखी वाटीभर कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"लेका, वही तूच लिहितोस ना? वीजघराचं किती, शेतांचं किती, कैरोचं किती. आईच्या नावावर थेंब तरी आहे का?"

काका गेले. आता वाटी मी ओततो. ओतल्यावर पट्टीवरचं पाणी बोटभर खाली उतरतं. तो आकडा मी लिहीत नाही.