सुमनअक्कांची पावर

तुमच्या गावात सत्ता कोणाकडे आहे, असं कोणी विचारलं, तर तुम्ही कोणाच्या घराकडे बोट दाखवाल? मी ज्या बाईबद्दल लिहिते आहे, तिच्या घराकडे गावातले सगळे बोट दाखवत. पण ते तिच्या थोरल्या दिरासाठी असे. सरपंच मात्र ती होती.

आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. सुमनअक्का आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचं माहेर पिंपळनेरकडचं, म्हणून बोली अहिराणी. आमच्या गल्लीतल्या बायका 'आहे'ऐवजी येणाऱ्या त्यांच्या 'शे'ची नक्कल करून हसत. अक्का शांतपणे म्हणायच्या, "तुमनं 'हाये' म्हनता म्हनता दम लागस. मनं 'शे' पटकन सरस."

बायकांसाठी सरपंचपद राखीव झालं, तेव्हा त्यांच्या थोरल्या दिरांनी, आबांनी, अक्कांचं नाव पुढे केलं. आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे केळीवाले. त्यांनी अक्कांनाच का निवडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. जी बाई बोलूच शकत नाही, तिच्यापेक्षा सोयीचा सरपंच कोणता?

पहिल्या बैठकीला खुर्चीत आबा बसले. अक्का दाराजवळ सतरंजीवर, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. मधे उभा ग्रामपंचायतीचा शिपाई सुपडू. अक्का त्याला म्हणाल्या, "सुपडूभाऊ, आबासले इचारा, वस्तीवरना दिवा कधी लागी?" आबा तीन हातांवर बसलेले. त्यांनी भिंतीकडे पाहत उत्तर दिलं, "सुपडू, तिले सांग, पुढच्या महिन्यात पाहू." सुपडू सुरुवातीला दोन्हीकडचं इमानदारीने पोहोचवायचा. पुढे त्याला कंटाळा आला. तो नुसती मान इकडून तिकडे वळवायचा आणि तेवढ्यावर बैठक चालायची. शाळा सुटली की पोरं खिडकीशी गर्दी करत. तमाशाला तिकीट असतं, हा फुकट होता.

माझे वडील कामगार संघटनेत. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. जळगावला कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागले होते. सुट्टीत घरी आले, तेव्हा अक्का अंगणात खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. मी माझं ताजं पत्रक त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सत्ता, शोषण, संघर्ष. त्यांनी हात न थांबवता शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "तुन्हा कागदमा बठ्ठं शे माय. फक्त पानी नै शे."

मला राग आला. पण त्या उन्हाळ्यात गावात खरोखर पाणी नव्हतं. म्हणजे विहिरीत होतं, नळाला नव्हतं.

त्याचं कारण आमच्याकडच्या कोणत्याही माणसाला सांगावं लागणार नाही. वीज दिवसातून थोडाच वेळ यायची, आणि कधी येईल ते सांगता यायचं नाही. म्हणून प्रत्येक मळ्यातल्या मोटारीला 'ऑटो' बसवलेला. ऑटो म्हणजे लहानशी पेटी. वीज आली की मोटार आपोआप सुरू. मालकाने घरी झोपावं, केळीने पाणी प्यावं. पण वीज आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी ओढायला लागत, आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळून जाई. गावाच्या टाकीची मोटारही त्याच डीपीवर. मग दुरुस्ती होईपर्यंत ना केळीला पाणी, ना माणसाला. दुरुस्त झाली की पुन्हा तेच. दुसऱ्याने काढावा, मग मी काढतो, असं म्हणत प्रत्येकाने आपला ऑटो ठेवला होता.

अक्का म्हणायच्या, "पावर येस आनि जास. ती ऊनी का पयले कोनी भरानं, तेवढं ठरावानं." हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा असे. धुळ्याच्या शिबिरात चष्मा करून आल्या, तेव्हाही सांगत होत्या, "डॉक्टर म्हने, बाई तुमनी पावर वाढनी. मी म्हनं, हाई घर ईसन सांगा."

वैशाखात डोंगराकडच्या वस्तीवरची एक बाई आबांच्या मळ्यातल्या हौदावर पाणी भरायला गेली. पोटुशी होती. रखवालदाराने तिचा हंडा पालथा केला. ती रिकामा हंडा घेऊन अक्कांच्या दाराशी आली आणि तक्रार न करता नुसती ओट्यावर बसली. अक्कांनी आपल्या घरातलं पाणी तिच्या हंड्यात ओतलं. त्यांच्या रांजणाचा तळ दिसला, तो मी पाहिला.

पुढच्या बैठकीला मी खिडकीशी उभी होते. अक्कांनी सुपडूमार्फत निरोप दिला: वीज आली की आधी टाकीची मोटार चालेल, टाकी भरेपर्यंत मळ्यातल्या मोटारी बंद, नंतर मळ्यांनी पाळीपाळीने घ्यावं, जसं सामाईक विहिरीवर भाऊ-भाऊ घेतात. सगळ्यांनी ऑटो काढावेत. आबा हसले. "सुपडू, तिले सांग, पावर बोर्डाची असते. सरपंचाची नसते."

सुपडूने मान वळवली. अक्का उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरच होता. नजर मात्र सरळ आबांच्या चेहऱ्यावर.

"आबा, मी तुमले सांगस," त्या म्हणाल्या.

अक्कांनी पदराखालून एक पेटी काढून टेबलावर ठेवली. "हाऊ आपला मळाना ऑटो शे. आज सकायले यासनी काढा."

'यासनी काढा' म्हणजे त्यांच्या यजमानांनी काढला. उभ्या आयुष्यात भावासमोर 'नाही' न म्हटलेला तो माणूस दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. आबा उठून गेले.

त्या दिवसापासून काही मळ्यांतले ऑटो निघाले. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा. टाकी भरली. वस्तीवरच्या नळाला पाणी आलं, तेव्हा तिथली म्हातारी माणसं तोटी उघडून-बंद करून पाहत होती.

आबांच्या घरात मात्र चूल वेगळी झाली. वाटणीत अक्कांच्या वाट्याला विहिरीपासून सर्वांत लांबचा तुकडा आला. तिथली केळी त्या वर्षी निसवलीच नाही, एकही घड बाहेर पडला नाही. अविश्वास ठराव यायला मग फार वेळ लागला नाही. सदस्य आबांचे होते, हात वर झाले, अक्का घरी आल्या. मी रडत होते, हातात पत्रकाचा मसुदा. त्यांनी मला भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "खुर्ची गयी, जाऊ दे. पावर दुपारले येवाव शे, तेनं काय ते पाहू."

आणि त्यांनी पाहिलं. सरपंच बदलताच ऑटो पुन्हा बसू लागले होते. वीज यायच्या सुमाराला अक्का आणि गल्लीतल्या बायका सुपं, निवडायचं धान्य घेऊन मळ्यांकडे निघायच्या. ज्या मळ्यात ऑटो असेल, तिथल्या मोटारीच्या खोलीच्या दारात दोघी-दोघी बसायच्या. भांडायच्या नाहीत. धान्य निवडायच्या. मालक यायचा, तर दारात त्याची काकू, वहिनी नाहीतर भावजय. तो मुकाट्याने ऑटो बंद करायचा आणि टाकी भरेपर्यंत बांधावर विडी ओढत बसायचा.

आबांच्या मळ्यात जायची कोणाची हिंमत नव्हती. तिथे अक्का एकट्या बसायच्या. एके दुपारी मी त्यांना चहा घेऊन गेले, तर दारात दोघी दिसल्या. दुसरी आबांची बायको, अक्कांची थोरली जाऊ. चूल वेगळी झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं, त्या दिवशीही नव्हतं. ती मांडीवर सूप घेऊन हरभरा निवडत बसली होती. आबा आले, बायकोकडे पाहिलं, खोलीत गेले. आतून खटका पडल्याचा आवाज आला. ऑटो बंद झाला होता.

अक्का गेल्या उन्हाळ्यात गेल्या. कावीळ अंगावर काढली त्यांनी. वस्तीवरच्या बायका डोंगर उतरून आल्या होत्या. आबांची बायको प्रेताच्या उशाशी बसली होती आणि बाहेर ओट्यावर आबा. त्या दुपारी वीज आली, तेव्हा शिवारात एकही मळ्याची मोटार सुरू झाली नाही. टाकी भरून वाहिली.

मी अजून पत्रकं लिहिते. पण हे पत्रक नाही, आणि मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. हे वाचून झालं की उठा आणि आपल्या मळ्यात जा. शेजाऱ्याचं पाहू नका. मोटारीवरची ती पेटी काढा, आणि वीज आली की गावाची टाकी भरेपर्यंत बांधावर बसा.