सहादूचा पिवळा देव

सहादूची उभी हयात पांडवलेण्यापलीकडच्या खाणीत दगड फोडण्यात गेली. तिथल्या लोकांचा एक शिरस्ता होता. सुरुंगाने नवी पोकळी उघडली की तिच्यातला स्फटिकांचा पहिला खडा विकायचा नाही. घरी नेऊन त्याला शेंदूर लावायचा, म्हणजे खाण माणूस घेत नाही. बाकीचे खडे व्यापारी निवृत्तीशेठ कापसात गुंडाळून न्यायचा. साहेबलोक ते कपाटात मांडून नुसते बघत बसतात, याचं सहादूला भारी हसू यायचं.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या वाट्याला पहिला खडा आला, तो आगळाच होता. पांढऱ्या बारीक तंतूंच्या गादीवर मधाच्या रंगाचे टपोरे स्फटिक. मुलगा वाल्मीक नुकताच खाणीत लागला होता, म्हणून सहादूच्या बायकोने, कुसाबाईने, तो देवळीत बसवला. दर अमावास्येला जुना शेंदूर उलथन्याने खरवडून ती तेलात कालवलेला नवा लावायची.

पुढे काही वर्षांनी दरड कोसळली आणि वाल्मीकच्या पायाचा चुराडा झाला. पाय वाचवायचा तर मुंबईला ऑपरेशन, तेही लवकर. खाणमालकाने हात वर केले. सहादूने कुसाबाईला कसंबसं राजी केलं आणि देव फडक्यात बांधून शेठकडे नेला.

शेठने भिंग लावलं. मग दार लोटून जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली. शेंदराच्या फटीतून स्फटिक पिवळाजर्द चमकला.

"पॉवेलाइट आहे, सहादू. लाखमोलाचा, दुर्मिळ खडा. एवढा मोठा मी जन्मात पाहिला नाही."

"मंग घ्या की शेठ. पोराचा पाय वाचंल."

शेठने हलकेच ब्रश फिरवला. तेलाने चिकटलेले तंतू तुटून टेबलावर पडले. "तेल आत मुरलंय. आणि स्फटिकांची टोकं कुणी खरवडली ही? आता हा कुणी घेणार नाही रे. सापडला त्याच दिवशी आणला असतास..." त्याने चहा मागवला. सहादूने देव पुन्हा फडक्यात बांधला.

घरी कुसाबाई दारातच उभी होती. "काय म्हनला शेठ?"

"साधा दगड हाय म्हनला. इकत नाय."

"बरं झालं," तिचा जीव भांड्यात पडला. "त्याच्यामुळंच पोराचा जीव ऱ्हायला. त्याला इकून कुठं भलं झालं असतं?"

तिने देव पुन्हा देवळीत ठेवला आणि उलथनं घेतलं. तिचा हात धरावा असं सहादूला फार वाटलं. पण धरून तिला सांगणार काय? आत वाल्मीक कण्हत होता. सहादूने तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली.