पिवळी नळी

आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि रोज पाठीला हवेची टाकी बांधून खोल समुद्रात उतरायचं, अशी आमची ही पहिलीच सहल. निघायच्या आदल्या दिवशी मी पोहण्याचे कपडे बॅगेत भरत होते आणि नवऱ्याकडे संशयाने बघत होते. सकाळपासून तो सारखा खोलीचं दार लावून बसत होता. विचारलं तर म्हणे, "सामान तपासतोय." याचा खोकला परतला असेल का? की ऐनवेळी नाही म्हणायचं चाललंय?

शेवटी मी दार ढकललंच. तो पलंगावर डोळे मिटून बसला होता, अंगावर श्वासाच्या नळ्या. त्याचा हात छातीशी जायचा, जोडीदारासाठी असते ती जादा पिवळी नळी चाचपडायचा आणि समोर कुणी नसताना पुढे करायचा. पुन्हा तेच.

"हे काय चाललंय?"

तो दचकला. "शिकताना मला ही पटकन सापडायची नाही. खाली तुझी हवा संपली तर?"

बंद दारामागे माणूस आपल्यापासून काहीतरी लपवतोय, हेच आधी मनात येतं. तो आपल्याचसाठी काही करत असेल, हे का सुचत नाही कोण जाणे.

"पुन्हा कर," म्हणत मी समोर बसले. त्याने डोळे मिटले. नळी थेट माझ्या ओठांपाशी आली. टाक्या बोटीवर मिळणार होत्या, त्यामुळे नळीत हवा नव्हतीच. तरी मी ती तोंडात धरली आणि त्याने डोळे उघडेपर्यंत श्वास रोखून बसले.